साहेबाचें खेडें

इंग्रज या देशांतून जाऊन पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लोटला. पण इंग्रजाचें खेडें आमच्या दिवाणखान्यांतून अद्याप गेलेलें नाहीं. चार सुशिक्षित मराठी माणसें एकत्र जमलीं, आणि त्यांतील एखादें जोडपें नुकतेंच विलायतेंतील मुलाकडे सहा महिने राहून परतलेलें असलें, कीं चहाच्या दुसऱ्या पेल्याबरोबर तें खेडें हजर झालेंच म्हणून समजावें. तीं दगडी घरें, गुलाबाच्या वेलींनीं झांकलेलीं तीं दारें, तें कातरलेलें हिरवेंगार गवत, टेकडीवरचा तो उमरावाचा वाडा, आणि सर्वांवर कळस म्हणजे ती शांतता! मग एक सुस्कारा, आणि सुस्काऱ्यापाठोपाठ ठरलेले शब्द: "नाहीं तर आमचीं खेडीं!" हें वाक्य कोणी पुरें करीत नाहीं, करण्याची गरजही नसते. उकिरडा, भाऊबंदकी, धूळ आणि डांस हे ऐकणाऱ्यानें आपल्या पदरचे घालावयाचे असतात.

ज्यांनीं विलायत पाहिलेली नाहीं त्यांचेंही कांहीं अडत नाहीं. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या आहेत, त्यांचे चित्रपट आहेत, २०१० ते २०१५ पर्यंत चाललेली 'डाउन्टन अॅबी' ही मालिका आहे. अर्ल-काउंटेसांच्या भोजनास कोणता कांटा कोणत्या हातीं धरावा हें आमच्या घरांतील लेकीसुनांस आतां तोंडपाठ आहे. मी स्वतः इंग्रजी वाङ्मय शिकवून पोट भरणारा माणूस आहें. त्या वाङ्मयाचा द्वेष मला परवडणारा नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर तो मला वाटतही नाहीं. माझें भांडण निराळें आहे. आम्हांला आवडतें तें इंग्लंडांतील खेडें नव्हेच; आम्हांला आवडतो तो मोठ्या वाड्याच्या खिडकींतून दिसणारा देखावा. आणि ही आवड केवळ आवड राहिलेली नाहीं. ती आतां आमच्या नगर जिल्ह्यांत जमिनी खरेदी करीत हिंडत आहे, म्हणून तिच्याविषयीं चार शब्द कडक बोलणें प्राप्त आहे.

प्रथम त्या देखाव्याचा इतिहास पाहूं. इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यांत मिल्टन अॅबस नांवाचें एक गांव आहे. उतरत्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस गवतानें शाकारलेलीं, एकासारखीं एक, पांढरीं घरें, पुढें हिरवळ. याहून चित्रमय खेडें शोधून सांपडणार नाहीं, आणि आमचे प्रवासी तेथें छायाचित्रें काढल्यावांचून परत येत नाहींत. आतां हें गांव तेथें आलें कसें? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लॉर्ड मिल्टन या उमरावाच्या वाड्यालगत एक जुनें, नांदतें बाजाराचें गांव होतें. तें त्याच्या नजरेस खुपूं लागलें. घरांचे पट्टे जसजसे संपत गेले तसतशीं त्यानें तीं घरें पाडविलीं आणि उरल्यासुरल्या लोकांस नजरेआड, दरींत, हीं टुमदार घरें बांधून दिलीं. वाड्याभोंवतालच्या उद्यानाची आखणी करण्यास लॅन्सिलॉट ब्राउन, म्हणजे त्या काळचा उद्यानकलेचा सम्राटच, नेमला होता. ऑक्सफर्डजवळच्या न्यूनहॅम कोर्टनी गांवाची हीच कथा. तेथें १७६० नंतर अर्ल हारकोर्टनें सबंध गांव उचलून मैलभर दूर नेलें. गोल्डस्मिथनें १७७० सालीं ओसाड गांवावर जें काव्य लिहिलें तें याच गांवावरून सुचलें असावें असें पुष्कळ जाणत्यांचें मत आहे. त्या काव्यावर आमच्या आजोबांच्या पिढीनें परीक्षेंत उत्तरें लिहिलीं. गांव ओसाड कोणी केलें, हा प्रश्न मात्र त्या प्रश्नपत्रिकेंत बहुधा नसे.

दोन वाड्यांची लहर म्हणून हें सोडून देतां आलें असतें, तर मीं तें सोडलें असतें. पण १६०४ पासून १९१४ पर्यंत इंग्लंडच्या पार्लमेंटनें जमिनींस कुंपण घालण्याचे पांच हजार दोनशेंहून अधिक कायदे केले, आणि त्यांखालीं सुमारें ६८ लक्ष एकर, म्हणजे त्या देशाच्या भूमीचा पांचवा हिस्सा, सामायिक वहिवाटींतून निघून खाजगी मालकींत गेला. गायरानांत गाय चारण्याचा, सरपण वेंचण्याचा, सुगीनंतर सरवा गोळा करण्याचा जो गरिबाचा पिढीजाद हक्क, तो कागदाच्या एका फटकाऱ्यासरशीं गेला. आमच्या रसिकांस हॉथॉर्नच्या फुललेल्या कुंपणांचें केवढें कौतुक! त्यांतील कितीतरी कुंपणें याच कायद्यांनीं लाविलेलीं आहेत. तीं सीमेचीं निशाणें आहेत. जॉन क्लेअर नांवाचा एक शेतमजूर कवि त्याच काळांत होऊन गेला. त्याच्या हेल्पस्टन गांवास कुंपणें पडलीं तीं त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलीं आणि त्यांवर जळजळीत कविता लिहिली. वर्ड्स्वर्थचीं पिवळीं फुलें ज्यास पाठ नाहींत असा पदवीधर मला भेटलेला नाहीं. क्लेअरचें नांव ठाऊक असलेले किती भेटले असतील, याची मोजदाद एका हाताच्या बोटांवर होईल.

१८३० च्या उन्हाळ्याअखेर केंट परगण्यांत मजुरांनीं मळणीयंत्रें फोडण्यास सुरुवात केली आणि त्या दंग्याचें लोण दक्षिण इंग्लंडभर गेलें. कारण साधें होतें: हिवाळ्यांत हातांनीं मळणी करून मिळणारी मजुरीच त्या यंत्रांनीं खाल्ली होती. सरकारनें १९ जणांस फांशीं दिलें आणि पांचशेंच्या आसपास लोकांस समुद्रापार धाडलें. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीं, मे १८७५ मध्यें, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणबी उठले, आणि पाहतां पाहतां तें लोण आमच्या जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें, नगर, कर्जत या तालुक्यांत आलें. यांनीं यंत्रें फोडलीं नाहींत. सावकाराचे रोखे आणि खतें जाळलीं. पुढें १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला तो या दंग्यामुळें. पारनेरचा कुणबी आणि केंटचा मजूर एकमेकांस न पाहतां ओळखणारे भाऊ होते. आमचा सुशिक्षित मात्र विलायतेस जातो तो त्या मजुराच्या नातलगास भेटावयास नव्हे. तो जातो तिकीट काढून अर्लच्या दिवाणखान्यांत उभा राहावयास.

आणि तो दिवाणखाना तरी कोणाच्या पैशाचा? बर्कशायरमध्यें बेसिल्डन पार्क म्हणून एक देखणा वाडा आहे. १७७६ पासून तो बांधविला फ्रान्सिस साइक्सनें, आणि त्याची दौलत कंपनी सरकारच्या नोकरींत मुर्शिदाबादच्या दरबारीं जमलेली. २००५ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या चित्रपटांत बिंग्ले महाशयांचें घर म्हणून जो वाडा दिसतो तो हाच. क्लाइव्हनें आपल्या बंगाली संपत्तीवर क्लेअरमाँटचा जुना वाडा पाडून नवा उठविला. तेथेंही उद्यान ब्राउनचेंच! इंग्लंडांतील नॅशनल ट्रस्ट या संस्थेनें सप्टेंबर २०२० मध्यें आपल्याच ताब्यांतील ९३ वास्तूंचा वसाहतींशीं वा गुलामांच्या व्यापाराशीं असलेला संबंध छापून प्रसिद्ध केला, तेव्हां तेथें केवढा गहजब उडाला! पण त्यांनीं तें छापलें. आमच्या प्रवासवर्णनांत त्या ९३ वास्तूंपैकीं कित्येकींचीं वर्णनें आहेत. हा पैशाचा भाग तेवढा त्यांत नाहीं. आमच्या नगरचाही या प्रकरणांत लहानसा वांटा आहे. ८ ऑगस्ट १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीच्या फौजेनें नगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लाविल्या आणि १२ तारखेस किल्ला घेतला. हाच वेलस्ली पुढें वेलिंग्टनचा ड्यूक झाला, आणि वॉटर्लूबद्दल कृतज्ञ राष्ट्रानें त्यास १८१७ मध्यें स्ट्रॅटफील्ड सेचा वाडा व जमीन घेऊन दिली. तो पैसा नगरचा नव्हता हें मान्य. पण ज्या कीर्तीच्या शिडीवरून तो त्या वाड्यांत उतरला, तिची एक पायरी आमच्या तटाला टेकलेली होती.

आतां हिरवळीकडे वळूं. कारण सगळा जीव तिच्यांत गुंतलेला आहे. "तिकडे पाऊसच किती पडतो!" असें म्हणून आम्हीं आमच्या रुक्षतेचें समर्थन करितों. तेंही खरें नाहीं. लंडन शहरीं वर्षाकांठीं सुमारें ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि नगर शहराचाही पाऊस साधारण तितकाच आहे. मग एकीकडे गालिचा आणि दुसरीकडे फुफाटा कां? तर तिकडचा पाऊस बाराही महिने रिमझिम वांटून येतो आणि थंड हवेमुळें जमिनींत टिकतो. आमचा पाऊस चार महिन्यांतील मोजक्या दिवशीं, आणि तोही पुष्कळदां आश्विनांतच बरा, असा येतो, आणि उरलेले आठ महिने ऊन त्याचा सूड घेतें. तेव्हां कातरलेली हिरवळ ही इंग्लंडांत आभाळाची देणगी आहे. पारनेर तालुक्यांत ती विंधनविहिरीची चोरी आहे. ज्या जमिनींत शेजाऱ्याची ज्वारी पावसाच्या एका सरीकडे डोळे लावून उभी असते, तेथें शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठीं गवतावर फवारे उडविणें यास मी सौंदर्यदृष्टि म्हणावयास तयार नाहीं.

"पण आमच्या लोकांना बागेची आवडच नाहीं," हा दुसरा आक्षेप. नगरकरानें तरी तो करूं नये. ज्या शहराच्या उत्तरेस बिहिश्तबाग आणि आग्नेयेस फराहबाग अशा दोन बागा निजामशाहींत नांदल्या, त्या शहरास बाग शिकविण्यास ब्राउनसाहेब यावयास नको होता. फराहबागेचा महाल मुर्तुजा निजामशहाच्या कारकीर्दींत, १५८३ सालीं, पुरा झाला. भोंवतालीं तळें आणि मधोमध तो अष्टकोनी वाडा. (ताजमहालाची कल्पना शहाजहानला हाच पाहून सुचली असें आमचे लोक छातीठोकपणें सांगतात, त्या गप्पेस माझा पाठिंबा नाहीं.) मला कौतुक महालाचें नाहीं, पाण्याचें आहे. शेंडी, कापूरवाडी या बाजूंच्या उंच भागांतून जमिनीखालच्या खापरी नळांनीं पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरांत आणि बागांत खेळविलें होतें. पर्जन्यछायेच्या प्रदेशांत बाग करावयाची तर आधीं पाण्याचा हिशेब करावा लागतो, हें सोळाव्या शतकांतील त्या कारागिरांस कळत होतें. अर्थात् त्या बागा राजाच्या होत्या, रयतेच्या नव्हत्या, हें मी विसरत नाहीं. उमरावाचें उद्यान इंग्रजाचें वाईट आणि निजामशहाचें तेवढें चांगलें, असा पक्षपात मला करावयाचा नाहीं.

रयतेची बाग निराळी आहे, आणि तिला आमच्या भाषेंत सुंदर नांव आहे: परसबाग. इंग्लंडांतील मजुराच्या झोंपडीपुढची जी भाजीफुलांची सरमिसळ बाग, जिच्यावर इंग्रजींत ढीगभर पुस्तकें आहेत, तिची ही सख्खी बहीण. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलें अळू, कुडावर चढविलेला वालाचा वेल, दोडका, कारलें, मिरचीचीं चार रोपें, तुळस, एखादी शेवंती. अकोलें तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड न पाहतां, वालघेवड्यांच्या आणि भाताच्या गांवठी वाणांचें बियाणें मडक्यांतून राखून ठेविलें, परसबागांतून तें वाढविलें आणि गांवोगांवच्या बायकांस वांटलें. २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हां वर्तमानपत्रांनीं त्यांचें छायाचित्र छापलें आणि आमच्या दिवाणखान्यांनीं तें पाहिलें. पण त्यानंतरही एखाद्या रसिकानें "आपण कोंभाळण्यास जाऊन ती बाग पाहून येऊं," असें म्हटलेलें मीं ऐकलें नाहीं. केंटमधील सिसिंगहर्स्टची बाग पाहून आलेल्या तिघां जणांस मी ओळखतों.

आमच्या किल्ल्यांतही एक बाग झाली होती. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत पंडित नेहरू तेथें बंदिवान होते, आणि जुन्या बांधकामाच्या दगडगोट्यांनीं भरलेली तेथील भिकार जमीन खणून त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं फुलझाडें लाविलीं. हॅरो आणि केंब्रिजमध्यें शिकलेला माणूस. पण कुदळ त्यानें आपल्या हातीं घेतली होती, एवढा फरक ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

साहेबाचें खेडें नगर जिल्ह्यांत प्रत्यक्ष उतरलें तें निराळ्या रूपानें. भंडारदऱ्याचें विल्सन धरण १९२६ सालीं पुरें झालें. प्रवरेचे कालवे वाहूं लागले. आणि त्या पाण्याच्या भरंवशावर बेलापूर कंपनीनें हरेगांवास साखरेचा कारखाना काढला. ऊंस हवा, तर जमीन हवी. ती त्या भागांतील शेतकऱ्यांकडून लांब मुदतीच्या खंडानें घेण्यांत आली. इकडे सलग मैलोगणती ऊंस, तिकडे वर्षाकांठीं ठरलेला खंड घेणारा मूळचा मालक. आणि कित्येक घरांत तर मालकाचींच मुलें आपल्याच शेतांत मजूर म्हणून राबूं लागलीं. कोणी वाईट हेतूनें हें केलें असें मी म्हणत नाहीं. कुंपणाचे कायदे करणारेही आपण देशाचें उत्पन्न वाढवीत आहों असेंच समजत होते. स्वराज्य आलें, १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, कारखान्यांच्या जमिनी सरकारनें घेतल्या आणि १९६३ मध्यें शेती महामंडळ स्थापन करून त्या त्याच्या हवालीं केल्या. कुळास जमीन मिळाली, पण कारखान्यास जमीन खंडानें देणाऱ्या लहान शेतकऱ्यास ती मिळाली नाहीं! 'खंडकरी' हा शब्द पुण्यामुंबईच्या किती वाचकांस ठाऊक आहे? या लोकांनीं मोर्चे काढले, न्यायालयांच्या पायऱ्या झिजविल्या, त्यांच्या दोन पिढ्या कागदपत्रांच्या पिशव्या बाळगून मेल्या. आणि जमिनी परत मिळूं लागल्या त्या चालू शतकाचें पहिलें दशक उलटून गेल्यावर. कादंबरीस याहून मोठा विषय कोणता हवा? आमच्या वाङ्मयांत हरेगांवचा खंडकरी शोधूं गेल्यास हातीं काय लागतें, हें वाचकांनींच पाहावें.

आतां जें चाललें आहे त्याचें नांव 'फार्महाऊस'. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमानें जो शेतकरी नाहीं त्यास शेतजमीन घेण्याची मनाई आहे. कायदा शहाणपणाचा आहे. पण पणजोबांच्या नांवचा एखादा सातबारा उतारा कोंकणांतून वा देशावरून उकरून काढला, कीं वकील, डॉक्टर, संगणकतज्ज्ञ आणि (दुःखानें लिहितों) प्राध्यापक हे सर्व एका दिवसांत शेतकरी होतात. ज्यांस ज्वारी आणि बाजरी यांचीं ताटें ओळखतां येत नाहींत असे शेतकरी! मग त्या जमिनीस तारेचें कुंपण पडतें, विंधनविहीर खणली जाते, गवत येतें, आणि फाटकावर एखादें इंग्रजी नांव झळकतें. अकोल्याच्या डोंगरांत, कळसूबाईच्या आणि आर्थर तलावाच्या आसपास, आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींस विकण्यावर महसूल कायद्याचें बंधन आहे म्हणून बरें; तरीही त्या बंधनाच्या फटींतून कोठें कोठें पाऊल शिरतें आहे हें भंडारदऱ्याचा रस्ता डोळे उघडे ठेवून चालणाऱ्यास दिसतें. काजवे पाहण्यास मोटारींच्या दिव्यांचा लखलखाट करीत जाणारे रसिक त्याच रस्त्यावर भेटतात.

कोणी म्हणेल, स्वतःच्या पैशानें घेतलेल्या जमिनींत माणसानें काय करावें हा त्याचा प्रश्न. हिवरें बाजार या आमच्याच जिल्ह्यांतील गांवानें तसें मानलें नाहीं. पोपटराव पवार १९८९ सालीं तेथें सरपंच झाले. पुढें गांवानें शेतीसाठीं विंधनविहिरी बंद केल्या, ऊंस बंद केला, आणि दरवर्षीं पावसाचें मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडण्याचा प्रघात पाडला. जमीन ज्याची त्याची, पण तिच्याखालचें पाणी सर्वांचें, हा विचार तेथें भाषणांत नाहीं, व्यवहारांत आहे. फाटकाच्या आंतल्या गृहस्थास त्या ग्रामसभेंत बसवून पाहावें.

इंग्रजाकडून कांहींच घेऊं नये असें मात्र मी म्हणत नाहीं. घ्यावयाचें तर त्याच्याकडे घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही वाड्याच्या मालकांनीं आपण होऊन दिलेल्या नाहींत. एक म्हणजे शहरांतील आणि खेड्यांतील भूमिहीनांस भाजीपाला पिकविण्यासाठीं नाममात्र भाड्यानें मिळणारे जमिनीचे तुकडे. १९०८ च्या कायद्यानें ते देणें स्थानिक संस्थांचें कर्तव्य ठरलें. एक तुकडा साधारण अडीच गुंठ्यांचा. दुसऱ्या महायुद्धांत असे दहा लाखांहून अधिक तुकडे पिकत होते. आमच्या नगरपालिकांच्या ताब्यांत पडीक भूखंड किती आहेत आणि त्यांवर काय उगवतें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांतील दोन-चार भूखंड झोंपडपट्टींतील बायकांस परसबागेसाठीं देऊन पाहण्यास कोणता कायदा आड येतो?

दुसरी गोष्ट पायवाट. इंग्लंडांत उमरावाच्या शेतांतून, उद्यानांतून सुद्धां, लोकांच्या वहिवाटीची पायवाट जाते आणि मालकास ती बुजवितां येत नाहीं. जेथें तशी वहिवाट नव्हती तेथें लोकांनीं ती मागितली. २४ एप्रिल १९३२ रोजीं मँचेस्टरकडील गिरणीकामगारांची तरुण मुलें डर्बीशायरमधील किंडर स्काउटच्या माळावर शिकारीसाठीं राखलेल्या जमिनींत बंदी मोडून शिरलीं. त्यांपैकीं कांहींजण तुरुंगांत गेले. आणि १९४९ च्या कायद्यानें पायवाटांची नोंद ठेवणें सरकारवर बंधनकारक झालें. वाटेंत कुंपण लागलें तर तें ओलांडण्यास तेथें लांकडी पायऱ्या बसविलेल्या असतात. आमचे प्रवासी त्यांवर बसून आपलीं छायाचित्रें काढून घेतात.

आमच्या शिवारांतून पाणंद जाते, गाडीवाट जाते, ओढ्याकडे जाणारी गुरांची वाट जाते. नव्या मालकाचें पहिलें काम या वाटेवर तार ओढण्याचें असतें. १९०६ च्या मामलतदार कोर्टाच्या कायद्याखालीं अशी वाट खुली करून देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे, आणि असे अर्ज प्रत्येक तालुक्याच्या कचेरींत पडून आहेत. अर्ज करणारा सहसा त्या वाटेनें शेतांत जाणारा शेजारी असतो. जबाब देणारा पुण्याहून मोटारीनें येतो, तारीख मागून घेतो आणि संध्याकाळच्या आंत परततो. तेवढ्या दिवसाची शेजाऱ्याची मजुरी बुडते. पुढील तारखेस तो पुन्हां येतो, कारण बांधावरचा कांदा काढावयाचा आहे आणि गाडी जाण्यास दुसरी वाट नाहीं.